शिंपल्यांच्या जीवाश्मांवरून सागरी थरांचा मेळ कसा घालतात : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भूविज्ञानाचे विद्यार्थी, हौशी संग्राहक आणि जुने सर्वेक्षण अहवाल चाळणारे वाचक यांच्याकडून हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. सोप्या प्रश्नांपासून अवघड अपवादांपर्यंत असा क्रम लावला आहे. जिथे दुसऱ्या उत्तराची गरज पडते तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. थरांचा मेळ घालायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

दोन वेगळ्या ठिकाणच्या खडकांतले कोणते थर एकाच काळात साचले, हे ठरवायचं. पाठ्यपुस्तकांत याला सहसंबंध म्हणतात, बोलताना बहुतेक जण कोरिलेशनच म्हणतात. समजा, एका कड्यात चाळीस मीटर जाडीचे सागरी थर उघडे पडले आहेत आणि तीनशे किलोमीटरवरच्या दुसऱ्या कड्यात साठ मीटर जाडीचे. मधला खडक झिजून गेला आहे किंवा जमिनीखाली गेला आहे. अशा वेळी दोन्हीकडे खालून वर चढत जायचं, कोणत्या थरात कोणती जात पहिल्यांदा दिसते आणि कुठे शेवटची दिसते ते लिहायचं आणि दोन्ही याद्या शेजारी शेजारी ठेवायच्या. क्रम जुळला की थर जुळतात.

ही पद्धत व्यवहारातून आली. इंग्लंडमध्ये पाण्याचे कालवे खणण्यासाठी जमिनीची मोजणी करणाऱ्या विल्यम स्मिथला दिसलं, की खणताना लागणाऱ्या प्रत्येक थराचे जीवाश्म वेगळे असतात आणि त्यांचा क्रम गावोगावी तोच राहतो. त्याच्या आधारावर त्याने १८१५ मध्ये देशाचा भूवैज्ञानिक नकाशा छापला. प्राण्यांच्या जाती का बदलतात हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं, तरी पद्धत चालली, कारण ती निव्वळ क्रमाच्या निरीक्षणावर उभी होती. हा शब्द पुढे सतत येणार आहे : क्रम.

२. दोन्हीकडे तसाच करडा शेल (चिखलापासून बनलेला पापुद्र्यांचा खडक) आहे. मग शिंपले शोधायची गरज काय?

खडकाचा रंग आणि पोत तो कुठे साचला हे सांगतो, कधी साचला हे नाही. आज या क्षणी किनाऱ्यालगत वाळू, थोडं आत गाळ आणि त्याहून खोल चुनखडीचा चिखल साचतो आहे. तिन्ही एकाच काळाचे, पण त्यांचे पुढे तीन वेगळे खडक होतील. उलट, समुद्र हळूहळू जमिनीवर चढत गेला तर वाळूचा पट्टाही त्याच्याबरोबर सरकत जातो. मग नकाशावर एकच दिसणारा वालुकाश्म एका टोकाला जुना आणि दुसऱ्या टोकाला कित्येक लाख वर्षांनी तरुण असतो.

म्हणून नुसत्या खडकावरून मेळ घातला तर तो जवळच्या अंतरावर बरा चालतो आणि लांब गेलं की फसतो.

३. हातात आलेला जीवाश्म शिंपलाच आहे, ब्रॅकिओपोड नाही, हे कसं ओळखू?

ब्रॅकिओपोड हा शिंपल्यासारखा दिसणारा, पण वेगळ्याच गटातला सागरी प्राणी. दोन्हींना दोन झडपा असतात, म्हणून गोंधळ होतो. शिंपल्याच्या दोन झडपा उजवी आणि डावी असतात, त्यामुळे दोन्ही झडपा सहसा एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमा वाटतात, पण एकच झडप पाहिली तर तिचे दोन अर्धे सारखे नसतात. ब्रॅकिओपोडमध्ये एक झडप पाठीची आणि एक पोटाची. तिथे दोन झडपा आपसात वेगळ्या, पण प्रत्येक झडप मधोमध सारखी दुभागते.

या नियमाला अपवाद आहेत आणि नवशिक्यांची चूक नेमकी तिथेच होते. कालवाच्या दोन झडपा अजिबात सारख्या नसतात, कारण एक झडप खडकाला चिकटलेली असते. पेक्टेन या पंख्यासारख्या शिंपल्याची एकटी झडप जवळजवळ सममित दिसते. अशा वेळी आतली बाजू पाहायची. बिजागरीवरचे दात, स्नायूंचे वण आणि त्या वणांना जोडणारी मांसल पडद्याची रेषा या तीन खुणा मिळाल्या तर शंका उरत नाही. खडक साफ करताना बाहेरची नक्षी उजळवण्यातच सगळा वेळ घालवू नका, बिजागरी मोकळी करा.

४. कुठलाही शिंपला चालतो का?

नाही. उपयोगी शिंपल्याकडे चार गोष्टी हव्यात : जात थोडाच काळ टिकलेली असावी, दूरवर पसरलेली असावी, भरपूर सापडावी आणि सहज ओळखता यावी. चारही एकत्र मिळणं दुर्मीळ आहे.

गाळात पुरून राहणारे न्युक्युलासारखे छोटे शिंपले कोट्यवधी वर्षं फारसे न बदलता जगत आले आहेत. ते सापडले तर तिथे मऊ तळ होता एवढं कळतं, काळाबद्दल जवळजवळ काहीच कळत नाही.

दूरवर पसरण्याचं रहस्य बाल्यावस्थेत आहे. मोठा शिंपला एका जागी बसून राहतो, पण त्याचा डिंभ पाण्यात तरंगतो. काही जातींचे डिंभ कित्येक आठवडे तरंगत सूक्ष्म वनस्पती खातात आणि प्रवाहाबरोबर महासागर ओलांडतात. काही जाती लाकडाच्या ओंडक्यांना चिकटूनही फिरल्या असाव्यात. ज्यांचे डिंभ लगेच तळाशी बसतात त्या जाती एका खोऱ्यापुरत्या राहतात. स्थानिक कामाला त्याही चालतात, पण त्यांच्या भरवशावर दोन खंड जोडता येत नाहीत.

५. कोणत्या काळासाठी कोणते शिंपले वापरतात?

पूर्ण यादी इथे देत नाही, कारण यादी पाठ करून हे काम येत नाही. पण ट्रायासिक काळाची गोष्ट सविस्तर सांगण्याजोगी आहे.

सुमारे २५.२ कोटी वर्षांपूर्वी, ट्रायासिकच्या आधीच्या पर्मियन काळाच्या शेवटी समुद्रातलं बहुतांश जीवन नष्ट झालं. त्यानंतरच्या ओस पडलेल्या, ऑक्सिजन कमी असलेल्या तळांवर क्लाराइया नावाचा चपटा, पातळ शिंपला अफाट संख्येने पसरला. आल्प्समधल्या वेर्फेन थरांपासून हिमालय आणि चीनपर्यंत तो सापडतो. मध्य ट्रायासिकमध्ये डाओनेला येतो, पंख्यासारखा, बारीक अरीय रेषांचा. त्याच्याच वंशातून उत्तर (म्हणजे शेवटच्या भागातल्या) ट्रायासिकमध्ये हॅलोबिया येतो. दोघे इतके सारखे दिसतात, की फरक बिजागरीच्या पुढच्या टोकापाशी असलेल्या लहानशा कानासारख्या भागावरून करावा लागतो. हॅलोबियाला तो असतो, डाओनेलाला नसतो. शेवटी नोरियनच्या (उत्तर ट्रायासिकमधल्या एका टप्प्याच्या) उत्तरार्धात ठळक अरीय कंगोऱ्यांचा मोनोटिस येतो. न्यूझीलंड, न्यू कॅलेडोनिया, जपान, सैबेरिया, अलास्का, असा पॅसिफिकच्या चहूबाजूंनी त्याचा खच पडलेला आहे. आणि नोरियन संपताना तो जवळजवळ एकाएकी नाहीसा होतो.

हिमाचल प्रदेशातल्या स्पितीच्या खोऱ्यात तर जुन्या सर्वेक्षकांनी थरांना नावंच अशी दिली : डाओनेला थर, हॅलोबिया थर, मोनोटिस शेल. कड्याच्या पायथ्यापासून वर चढताना तोच क्रम मिळतो जो आल्प्समध्ये मिळतो. मध्ये हजारो किलोमीटर आणि एक बुजून गेलेला महासागर आहे. हा जुळलेला क्रम पहिल्यांदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहणाऱ्या माणसाला काय वाटलं असेल, याचा विचार माझ्या मनात नेहमी येतो.

ज्युरासिकच्या उत्तरार्धापासून क्रेटेशसच्या सुरुवातीपर्यंत उत्तरेकडच्या थंड समुद्रांत बुकिया हा आधार आहे (पाहा प्रश्न ११). क्रेटेशसच्या उत्तरार्धात इनोसेरॅमिड येतात, त्यांच्यासाठी पुढचा प्रश्न वाचा. अमेरिकेच्या आखाती किनारपट्टीत एक्सोजायरा हे वळलेलं जाड कालव चालतं : एक्सोजायरा पाँडेरोसा खाली, एक्सोजायरा कोस्टाटा वर. क्रेटेशसनंतरच्या नवजीव महाकल्पात पेक्टेन कुळातल्या जाती आणि कालवं प्रदेशापुरती उपयोगी पडतात.

६. इनोसेरॅमिडांचा एवढा बोलबाला का?

कारण अमोनाइटांच्या, म्हणजे गोल वळलेल्या कवचाच्या नामशेष सागरी प्राण्यांच्या, बरोबरीला बसणारा शिंपल्यांतला गट हाच. त्यांच्या जाती भराभर बदलल्या. उत्तर क्रेटेशसच्या काही भागांत त्यांचे झोन (ठरावीक जातींवरून ओळखले जाणारे थरांचे टप्पे) अवघ्या काही लाख वर्षांचे आहेत, आणि सात-आठ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत एवढा बारीक काप घेता येणं ही मोठी गोष्ट आहे. त्यांचा आकार डोळ्यांत भरतो. प्लॅटिसेरॅमस वंशातले काही एक मीटरहून बरेच मोठे वाढले. वाढीच्या लाटांसारख्या वळ्या आणि त्यांच्यातलं अंतर यांवरून तज्ज्ञ जात ओळखतात.

आंतरराष्ट्रीय कालमापनातल्या दोन टप्प्यांच्या सीमाच इनोसेरॅमिडांवर बसवल्या आहेत. सँटोनियन टप्प्याचा तळ स्पेनमधल्या ओलाझागुतिया इथल्या खाणीत, प्लॅटिसेरॅमस (काही जण क्लॅडोसेरॅमस म्हणतात) अंडुलाटोप्लिकाटस पहिल्यांदा दिसतो त्या पातळीवर ठरला, २०१३ मध्ये. कोनियाशियनचा तळ जर्मनीतल्या साल्झगिटर-साल्डर खाणीत, क्रेम्नोसेरॅमस डिफॉर्मिस इरेक्टसच्या पहिल्या आगमनावर, २०२१ मध्ये. अंडुलाटोप्लिकाटसच्या झडपेवर वळ्यांना छेदत पसरणारे कंगोरे असतात, त्यामुळे तळहाताएवढा तुकडाही ओळखता येतो. सीमेसाठी असाच जीवाश्म हवा, ज्याचा तुटका तुकडाही नाव सांगतो.

या गटाचा शेवट मात्र जपून वापरावा लागतो. क्रेटेशस संपण्याआधीच, त्याच्या शेवटच्या टप्प्याच्या, मास्ट्रिक्टियनच्या, मध्याला बहुतेक इनोसेरॅमिड संपले आणि तेही सगळ्या अक्षांशांवर एकदम नाही. टेनुइप्टेरियासारखे थोडे नातलग शेवटपर्यंत टिकले. म्हणून इनोसेरॅमिड दिसत नाहीत म्हणजे क्रेटेशस संपला, असं म्हणू नये.

७. झोनची सीमा पहिल्या दिसण्यावर का आखतात? शेवटच्या दिसण्यावर का नाही?

दोन्ही आखतात, पण पहिलं दिसणं अधिक भरवशाचं मानतात. जात संपत येते तेव्हा तिची संख्या घटते, ठिकठिकाणी ती वेगवेगळ्या वेळी संपते आणि शेवटचा शिंपला नेमका तुमच्या हाती लागण्याची शक्यता फार थोडी. सिग्नोर आणि लिप्स यांनी १९८२ मध्ये हे नीट मांडलं : एकाच दिवशी सगळ्या जाती मेल्या असत्या, तरी अपुऱ्या नमुन्यांमुळे त्या एकेक करून संपत गेल्यासारख्या दिसतील.

पहिल्या दिसण्यालाही हाच आक्षेप उलट दिशेने लागू पडतो, हे विसरू नका. म्हणून एकाच जातीवर न विसंबता तीन-चार जाती मिळून झोन ठरवतात.

८. अमोनाइट असताना शिंपल्यांमागे का लागायचं?

ज्युरासिक आणि क्रेटेशसमध्ये अमोनाइट मिळाले तर मीही आधी तेच पाहीन. पण ते नेहमी मिळत नाहीत. उथळ, वाळूच्या किंवा कमी खारट पाण्यात अमोनाइट विरळ असतात, तिथे शिंपल्यांची रास असते. शिवाय अमोनाइटाचं कवच अरॅगोनाइट या खनिजाचं असतं आणि ते विरघळून जातं. इनोसेरॅमिडांचा बाहेरचा थर आणि कालवाचं कवच कॅल्साइटचं असतं, ते टिकतं (पाहा प्रश्न १२). अमोनाइट क्रेटेशसच्या अखेरीस संपले, पुढच्या साडेसहा कोटी वर्षांना त्यांचा काही उपयोग नाही.

खरं तर दोन्ही एकाच थरातून गोळा करून एकमेकांवर तपासणं हीच चांगली सवय.

९. शिंपल्यावरून थर किती वर्षांचा हे आकड्यात कळतं का?

थेट नाही. शिंपला आधीचा की नंतरचा एवढं सांगतो. आकडा दुसरीकडून येतो. उत्तर अमेरिकेच्या मध्यभागी क्रेटेशसमध्ये एक लांबलचक समुद्र होता. त्याच्या शेलमध्ये ज्वालामुखीच्या राखेचे पातळ पट्टे आहेत. राखेतल्या खनिजांचं वय अरगॉन किंवा युरेनियम-शिसं पद्धतीने काढतात. दोन राखपट्ट्यांच्या मध्ये सापडलेल्या इनोसेरॅमिडाचं वय मग आपोआप दोन आकड्यांमध्ये अडकतं. एकदा ते कळलं, की तोच इनोसेरॅमिड जिथे राख नाही अशा जर्मनीतल्या किंवा पोलंडमधल्या चुनखडीत तो आकडा घेऊन जातो.

दुसरा मार्ग शिंपल्याच्या कवचातूनच जातो. समुद्राच्या पाण्यातल्या स्ट्राँशियमच्या समस्थानिकांचं (एकाच मूलद्रव्याच्या वेगळ्या वजनाच्या अणूंचं) प्रमाण काळानुसार बदलत गेलं आहे आणि न बिघडलेलं कॅल्साइट ते जपून ठेवतं. गेल्या सुमारे चार कोटी वर्षांत हे प्रमाण बऱ्यापैकी सतत चढत आलं, म्हणून त्या काळातल्या कालवं आणि पेक्टेनसाठी ही पद्धत चांगली चालते. या प्रमाणाच्या आलेखाची रेषा सपाट असेल त्या काळात एकाच मोजमापाला अनेक वयं निघतात.

एक जुनी, सुंदर पद्धतही सांगायला हवी. १८३३ मध्ये चार्ल्स लायेल याने तृतीयक काळाचे (नवजीव महाकल्पाच्या मोठ्या भागाचे) भाग पाडले ते शिंपले आणि शंखांच्या टक्केवारीवर. थरातल्या मृदुकाय जातींपैकी आज जिवंत असलेल्या किती, हे देशे या फ्रेंच शंखतज्ज्ञाच्या मदतीने त्याने मोजलं. इओसीनमध्ये साडेतीन टक्क्यांच्या आसपास, मायोसीनमध्ये सतराच्या आसपास, प्लायोसीनमध्ये त्याहून कितीतरी जास्त. आज टक्केवारीवर कुणी सीमा आखत नाही, पण नावं तीच राहिली.

१०. एकच जात दोन खंडांत सापडली. मग दोन्ही थर एकाच वेळचे ना?

बहुधा, पण खात्रीने नाही. हा प्रश्न १८६२ मध्ये थॉमस हक्स्लीने धारदारपणे विचारला होता : क्रम सारखा असणं वेगळं आणि वेळ एक असणं वेगळं. एखादी जात एका समुद्रात जन्मून दुसऱ्या समुद्रात उशिरा पोहोचू शकते.

डिंभाच्या वेगाकडे पाहिलं तर हा उशीर सहसा नगण्य ठरतो. काही शतकांत किंवा हजार-दोन हजार वर्षांत जात महासागर भरून काढते, आणि दहा कोटी वर्षांपूर्वीच्या खडकात तेवढा फरक मोजताच येत नाही. अडचण येते ती वाटेत तापमानाची किंवा जमिनीची भिंत असेल तेव्हा.

आर्क्टिका आयलँडिका हे त्याचं उत्तम उदाहरण आहे. हा थंड पाण्यातला शिंपला उत्तर अटलांटिकमध्ये आधीपासून होता. पाणी गार झालं तेव्हा तो भूमध्य समुद्रात शिरला आणि इटलीतल्या थरांत त्याचं आगमन ही प्लाइस्टोसीन (प्लायोसीननंतरचा काळ) सुरू झाल्याची खूण मानली जाऊ लागली. इटलीच्या आत ती खूण कामाची होती. पण तोच शिंपला दाखवून उत्तर समुद्राकाठच्या थराला प्लाइस्टोसीन म्हटलं तर चूक होते, कारण तिथला तो मूळचाच रहिवासी. जात कुठे जन्मली आणि कुठे पाहुणी म्हणून आली, हे आधी विचारा.

११. दोन प्रदेशांत एकही सामाईक जात नाही. आता काय?

मग मधला दुवा शोधायचा. ज्युरासिकच्या अखेरीला उत्तरेकडचे थंड समुद्र आणि विषुववृत्ताकडचा टेथिस महासागर यांतले प्राणी इतके वेगळे झाले, की दोन्हीकडे वेगळी कालगणना वापरावी लागली. बुकियाच्या जाती सैबेरिया, स्वालबार्ड, ग्रीनलंड, कॅनडा ते कॅलिफोर्निया अशा सरळ जुळतात, पण टेथिसच्या मध्यभागी बुकिया नाही. ज्या सीमावर्ती खोऱ्यांत बुकिया आणि टेथिसचे अमोनाइट एकत्र सापडतात ती खोरी इथे सोन्यासारखी. एका बाजूचा झोन दुसऱ्या बाजूच्या झोनवर तिथेच बसवता येतो. जिथे तेही नाही तिथे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची उलटापालट, कार्बन समस्थानिकांची चढउतार आणि राखपट्टे कामी येतात.

उलट दिशेनेही हा अभ्यास बोलका आहे. कच्छमधला इंडोट्रायगोनिया हा शिंपला टांझानियातल्या तेंदागुरूच्या थरांतही मिळतो. थर जुळतात, आणि त्याबरोबर हेही कळतं, की तेव्हा हे दोन किनारे एकाच समुद्राचे होते.

१२. माझ्याकडे शिंपला नाही, नुसता साचा आहे. तो टाकून देऊ?

अजिबात टाकू नका. शिंपल्याची कवचं कॅल्साइट किंवा अरॅगोनाइट या दोन खनिजांची असतात. अरॅगोनाइट पाण्यात लवकर विरघळतं, मग खडकात पोकळी आणि तिच्या आतला गाळाचा गोळा तेवढा उरतो. बाहेरच्या पोकळीत नक्षी छापलेली असते आणि आतल्या गोळ्यावर स्नायूंचे वण, कधी कधी दातांचे खड्डेही. पोकळीत सिलिकोन रबर ओतून साचा काढला, की मूळ झडपेसारखीच प्रतिकृती मिळते. ट्रायगोनिया गटातल्या शिंपल्यांची कित्येक ओळखणी अशाच साच्यांवर झाली आहेत.

यात एक मोठा धोका आहे. ज्या थरात अरॅगोनाइट विरघळलं, तिथे फक्त कालवं आणि पेक्टेन उरतात. तो थर वाचणाऱ्याला वाटतं, की तेव्हा समुद्रात फक्त तेच होते. वरच्या थरात विरघळण्याची क्रिया झाली नसेल तर अनेक नव्या जाती एकदम आल्यासारख्या दिसतात. सीमा आखण्याआधी कवचाचं खनिज तपासायला मी नेहमी सांगते, आणि हा सल्ला सगळ्यात कमी पाळला जातो.

१३. आकार हुबेहूब तोच आहे, तरी तज्ज्ञ म्हणतात ही दुसरी जात. असं कसं?

शिंपल्यांत हा प्रकार फार. चिखलावर पडून जगणाऱ्या कालवाला एका बाजूने जड, वळलेलं कवच सोयीचं असतं, म्हणून तसा आकार निरनिराळ्या वंशांत पुन्हा पुन्हा निर्माण झाला. पूर्व (म्हणजे सुरुवातीच्या) ज्युरासिकमधला ग्रिफिया आर्क्युआटा, ज्याला इंग्लंडमध्ये सैतानाच्या पायाचं नख म्हणत, त्याच्यासारखे दिसणारे शिंपले क्रेटेशसमध्येही आहेत. नुसत्या वळणावर गेलात तर कित्येक कोटी वर्षांची चूक होईल. १९२२ मध्ये ट्रूमन याने ग्रिफिया सपाट कालवापासून टप्प्याटप्प्याने वळत गेला अशी मांडणी केली. ती बराच काळ शिकवली गेली, पण पुढे तिच्यावर गंभीर आक्षेप घेतले गेले.

कालव ज्यावर चिकटतं त्याचा आकारही घेतं. अमोनाइटावर वाढलेल्या कालवावर अमोनाइटाचे कंगोरे उमटतात. म्हणून बिजागरी, स्नायूंचा वण आणि वाढीच्या सुरुवातीचा भाग पाहायचा, आणि एका नमुन्यावर नाव न ठेवता पंधरा-वीस नमुने शेजारी मांडायचे.

१४. जुन्या अहवालात "ऑसेला" आणि "इनोसेरॅमस लेबिएटस" लिहिलंय. ही नावं सापडत नाहीत.

नावं बदलली. ऑसेला म्हणजे आजचा बुकिया. इनोसेरॅमस लेबिएटस आता मायटिलॉइडिस या वंशात आहे आणि त्या एका नावाखाली पूर्वी घातलेल्या शिंपल्यांच्या पुढे अनेक जाती पाडल्या गेल्या. म्हणून जुन्या अहवालातलं नाव नुसतं बदलून पुढे नेऊ नका. चित्र असेल तर चित्र पाहा, नमुना जपलेला असेल तर नमुनाच पाहा. दक्षिण भारतातल्या क्रेटेशस शिंपल्यांवर फर्डिनांड स्टोलिच्का याने १८७१ च्या सुमारास केलेलं काम आजही उघडावं लागतं ते त्यातल्या चित्रांसाठी.

वंशावर थांबलात तरीही फसाल. क्लाराइया म्हणजे पूर्व ट्रायासिक असं समीकरण बरीच वर्षं चाललं, पण दक्षिण चीनमध्ये क्लाराइयाच्या जाती पर्मियनच्या शेवटच्या थरांतही मिळाल्या. जातीपर्यंत पोहोचावंच लागतं.

१५. थंड पाण्याचा शिंपला म्हणजे एकाच काळाची खूण मानता येईल?

इथे युरिडेस्मा आठवतो. जाड, जड कवचाचा हा शिंपला पूर्व पर्मियनमध्ये गोंडवना या दक्षिणेकडच्या जुन्या महाखंडाच्या थंड समुद्रांत राहत होता. छत्तीसगडमधल्या मनेंद्रगडजवळ हसदेव नदीच्या पात्रात, पाकिस्तानातल्या सॉल्ट रेंजमध्ये, ऑस्ट्रेलियात, अर्जेंटिनात तो हिमनद्यांनी टाकलेल्या दगडगोट्यांच्या वर किंवा आसपास मिळतो. या थरांना एकत्र आणण्यात त्याचा वाटा मोठा आहे.

पण तो हवामानाच्या मागे चालणारा प्राणी आहे. बर्फ मागे हटलं, समुद्र आत आला, की तो येणार, आणि बर्फ सगळीकडे एकाच वर्षी हटत नाही. म्हणून युरिडेस्मा थर हा ढोबळ मेळ म्हणून घ्यावा आणि बारीक काळ परागकण किंवा राखेतल्या झिरकॉन या खनिजावरून काढावा. प्रश्न १० मधला आर्क्टिका आणि हा, दोघांचा धडा एकच आहे.

१६. तरुण थरात जुना शिंपला कसा येतो?

जुना थर झिजतो, त्यातला टणक शिंपला सुटतो आणि नव्या गाळात पुन्हा पुरला जातो. कालवांचं हे नेहमीचं आहे, त्यांचं कवच जाड असतं. खुणा पाहा : कडा गुळगुळीत झालेल्या, आत भरलेला गाळ भोवतीच्या खडकाहून वेगळा, रंग वेगळा, दोन्ही झडपा जोडलेल्या जवळजवळ कधीच नाहीत. दोन्ही झडपा मिटलेल्या आणि जिवंतपणी असतील तशा उभ्या रुतलेल्या सापडल्या तर तो शिंपला तिथलाच, यात शंका घेऊ नका.

नियम सोपा आहे : थर त्यातल्या सगळ्यात तरुण जीवाश्माहून जुना असू शकत नाही. जुन्या जीवाश्मांवरून थराला जुनं ठरवू नका.

१७. बोअरच्या चुऱ्यात शिंपले ओळखता येतात का?

क्वचित. ड्रिलच्या टोकाखाली शिंपल्याचा भुगा होतो, म्हणून तेलविहिरींत फोरामिनिफेरा, परागकण आणि नॅनोजीवाश्म असे सूक्ष्म अवशेष वापरतात. गाभ्याचा अखंड दंड काढला असेल तर शिंपले मिळू शकतात. इनोसेरॅमिडांचं एक वैशिष्ट्य मात्र इथेही दिसतं : त्यांच्या कवचाचा थर शेजारी शेजारी उभ्या असलेल्या कॅल्साइटच्या लोलकांचा बनलेला असतो. ते सुटे होऊन चुऱ्यात सुईसारखे चमकतात. त्यांवरून जात कळत नाही, पण हा थर पर्मियन ते क्रेटेशसमधला, आणि भरपूर असतील तर बहुधा क्रेटेशसचा, एवढा अंदाज बांधता येतो.

१८. कोळशाच्या थरांतल्या गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांचंही असंच?

पद्धत तीच, आवाका लहान. ब्रिटनच्या कोळसा थरांत कार्बोनिकोला आणि त्याच्या नातलगांवर डेव्हिस आणि ट्रूमन यांनी १९२७ मध्ये झोन पाडले. ते खाणकामात उपयोगी पडले. पण गोड्या पाण्यातली जात एका खोऱ्यातून दुसऱ्यात सहज जात नाही, म्हणून मध्ये मध्ये येणाऱ्या पातळ सागरी पट्ट्यांचा आधार घ्यावा लागतो.

१९. मला एक सुंदर शिंपला सापडला. त्याचा उपयोग व्हावा म्हणून काय लिहून ठेवू?

आधी हे पाहा, की तो खडकात रुतलेला होता की पायथ्याशी सुटा पडलेला. सुटा असेल तर तो वरच्या कोणत्याही थरातून घरंगळला असू शकतो. नोंदीत "सुटा" असं स्पष्ट लिहा.

रुतलेला असेल तर एखाद्या ओळखू येणाऱ्या थरापासून, उदाहरणार्थ ठळक चुनखडीच्या पट्ट्यापासून, तो किती सेंटिमीटर वर किंवा खाली होता ते टेपने मोजा. अक्षांश-रेखांश लिहा. झडप कुठल्या बाजूने पालथी होती, एकटी की जोडीने, भोवती आणखी कोणते जीवाश्म होते, हे लिहा. खडकाचा मूठभर तुकडाही सोबत ठेवा, त्यातून सूक्ष्मजीवाश्म काढता येतात. नमुन्यावर आणि पिशवीवर एकच क्रमांक घाला. बिजागरी खडकात असेल तर तिथे छिन्नी लावू नका, ते काम प्रयोगशाळेतल्या सुईला करू द्या.

माझ्याकडे एकदा ट्रायगोनियांनी भरलेली अख्खी पेटी आली होती, एकेक नमुना देखणा, कंगोरे कालच कोरल्यासारखे. कड्याचं नाव लिहिलेलं होतं. तो कडा ऐंशी मीटर उंच आहे, आणि कोणता शिंपला कुठल्या मीटरवरचा हे कुणालाच सांगता आलं नाही.